रेव्हरंड नारायण शेषाद्री व जालन्याचे बेथेल

ह्या स्मरणिकेत आमच्या धर्मग्रामाचा इतिहास, आजवरच्या धर्मगुरूंची नामावली व मंदिराच्या बांधकामाची हकीकत वाचकांस अन्यत्र मिळेलच. ह्या पानांवर आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र देत आहोत, तो आमच्या धर्मग्रामाचा तर नव्हताच, पण कॅथोलिकही नव्हता. स्कॉटलंडातील फ्री चर्च ह्या प्रॉटेस्टंट मंडळीचा तो दीक्षित पाळक होता. महोत्सव समितीच्या बैठकीत आम्ही हे नाव काढले, तेव्हा दोघातिघा वडीलधाऱ्या सभासदांच्या कपाळास आठी पडली. आपल्याकडे संतसत्पुरुषांची काय वाण पडली म्हणून दुसऱ्या मंडळीच्या पाळकाचे चरित्र छापावयाचे, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता व त्याचे उत्तर त्या बैठकीत आम्हास नीटसे देता आले नाही. ते येथे देण्याचा यत्न करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे आपण दर रविवारी आपल्या मंदिरात गातो. ती रचणारा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतला होता हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांच्या आधी बावन्न वर्षे ज्यांनी तीच वाट धरली, आणि आयुष्यातली उत्तम वर्षे ह्याच जालन्याच्या मातीत घातली, त्या नारायण शेषाद्रींनी मागे पदांचा संग्रह ठेवला नाही. म्हणून त्यांचे नाव आपल्या तोंडी राहिले नाही, एवढेच.

शेषाद्रींचा जन्म १८२० च्या सुमारास एका ब्राह्मण कुटुंबात झाला. मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांनी चालविलेल्या इंग्रजी विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. विल्सन कॉलेज म्हणून पुढे नावारूपास आलेल्या संस्थेचे हे पूर्वरूप होय. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट हे त्यांच्याही आधी दोन वर्षे आलेले. विल्सनसाहेबांची विद्वत्ता मोठी, पंडितांशी व पारशी दस्तुरांशी वादविवाद करण्यात त्यांची हयात गेली. नेस्बिटांचा लौकिक वेगळा होता. त्यांचे मराठी इतके शुद्ध व सहज होते की भिंतीआडून ऐकणाऱ्यास साहेब बोलतो आहे असे वाटू नये. शेषाद्री हे ह्या नेस्बिटांचे शिष्य. त्या काळच्या उच्चवर्णीय घरांस इंग्रजी विद्या हवी होती, कारण तिच्या मागे सरकारी नोकरी होती. विद्येबरोबर पवित्र शास्त्राचा तास येई, तो सोसून घेण्याची त्यांची तयारी होती. एखादा मुलगा त्याच तासात जीव ओतील, हा हिशेब कोणी केला नव्हता. १८३९ साली धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मुंबईत केवढी खळबळ उडाली! प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, विद्यालयातील बाके ओस पडली. हळूहळू मुले परतली. चार वर्षांनी पाळी शेषाद्रींच्या घरावर आली.

ते १८४३ साल मुंबईच्या स्कॉटिश मिशनऱ्यांसही विपरीत गेले होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्कॉटलंडातील ख्रिस्ती मंडळीत मोठी फूट पडली; पाळक नेमण्याचा अधिकार जमीनदारांचा की मंडळीचा, हा वादाचा मुद्दा. शेकडो पाळक आपली मंदिरे, घरे व वेतने सोडून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापिले. विल्सन व नेस्बिट ह्यांनी त्यांचाच पक्ष धरला, आणि परिणामी नव्याने उभारत असलेल्या इमारतीवरील व विद्यालयाच्या मालमत्तेवरील हक्क त्यांस सोडावा लागला. अशा स्वतःच बेघर झालेल्या गुरूंच्या हातून, सप्टेंबर १८४३ मध्ये, नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. नेस्बिटांनी तो दिला. त्या दिवसापासून पितृगृहाचा दरवाजा त्यांस बंद झाला.

येथवरची कथा त्या काळच्या अनेक धर्मांतरितांची आहे. पुढे जे घडले त्याने शेषाद्री हे आडनाव साऱ्या महाराष्ट्रात गाजले. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अजून वयात न आलेला मुलगा. तोही वडील भावाच्या मागोमाग मिशनऱ्यांच्या घरी येऊन राहिला व आपणास बाप्तिस्मा हवा असे म्हणू लागला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला. मुलाच्या मनाचा कौल धरावा की बापाचा हक्क, ह्यावर वाद झाला आणि न्यायालयाने मुलास बापाच्या स्वाधीन केले. श्रीपत रडत परत गेला असे सांगतात. दोन भावांच्या वाटा तेथे फुटल्या.

ह्या निकालाविषयी मिशनऱ्यांच्या लेखनात पुष्कळ खेद आढळतो. वाचकहो, आम्ही स्वतः धर्मगुरू असूनही आम्हास तो खेद पुरता पटत नाही. आमच्या ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ओलांडलेल्या, कळत्या मुलाची इच्छा बाप्तिस्म्याच्या कामी विचारात घ्यावी लागते हे खरे. परंतु ज्याच्या घरातून एक मुलगा आधीच गेला, त्या बापाचा विचार कोणी करावयाचा? ह्या निकालानंतर पंधरा वर्षांनी, १८५८ साली, इटलीतील बोलोन्या नगरात एका यहुदी कुटुंबातील एडगार्डो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या मुलास पोपच्या राज्यातील शिपायांनी आईबापांपासून ओढून नेले. घरच्या मोलकरणीने मूल आजारी असता गुपचूप बाप्तिस्मा दिला होता, हे कारण. आईबापांनी किती विनविले, साऱ्या युरोपातून किती ओरड झाली, तरी नववे पोप पायस ह्यांनी मुलास परत दिले नाही. ही गोष्ट सेमिनरीत आम्हास कोणी शिकविली नव्हती. पुढे स्वतःच्या वाचनात ती आली आणि त्या रात्री आम्हास नीट झोप लागली नाही. मुंबईच्या न्यायालयाने श्रीपतच्या बापाशी अधिक माणुसकीने वागणूक केली, असे आमचे प्रांजळ मत आहे.

श्रीपत घरी गेला खरा, परंतु प्रकरण तेथे मिटले नाही. परधर्मीयांच्या घरी राहून, त्यांच्या हातचे खाऊन आलेल्या मुलास जातीत घ्यावे की नाही? शास्त्रीमंडळींत दोन तट पडले. मराठीतील पहिले वृत्तपत्र दर्पण १८३२ साली ज्यांनी काढले, ते बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले आणि प्रायश्चित्त देऊन मुलास शुद्ध करून घ्यावे असा पक्ष त्यांनी धरला. ह्यापायी सनातन्यांचा रोष व बहिष्काराचे भय त्यांस पत्करावे लागले, तरी त्यांनी माघार घेतली नाही. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४६ साली, बाळशास्त्री अकाली निवर्तले. ख्रिस्ती धर्माचा महाराष्ट्राच्या समाजावर काय परिणाम झाला हे मोजावयाचे तर बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नावे मोजून भागत नाही. जो समाज बाहेर पडलेल्यास पुन्हा आत घेण्याचा मार्ग शेकडो वर्षे शोधीत नव्हता, तो एका पोरासाठी तो शोधू लागला. त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्याच्या शाळेत त्या सुमारास शिकत असलेल्या जोतीराव गोविंदराव फुले ह्यांनी बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. परंतु १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, तिच्यामागे त्या शाळेतील वर्षांचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

नारायणरावांच्या पुढील वीस वर्षांचा वृत्तान्त आम्ही थोडक्यात देतो. त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला, मुंबईच्या विद्यालयात अध्यापन केले व १८५४ साली फ्री चर्चच्या पाळकपदाची दीक्षा घेतली. त्याच वर्षी बेळगावी बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला, ज्यांनी पुढे १८५७ साली यमुनापर्यटन ही कादंबरी लिहिली. मराठी ख्रिस्ती मंडळीची ही पहिली पिढी: बुद्धिमान, उच्चवर्णीय, पुस्तकांत वाढलेली व शहरात राहिलेली. दीक्षेनंतर वर्षभरातच नेस्बिट पटकीच्या आजाराने मुंबईस वारले. शेषाद्रींस आपल्या गुरूची जागा शहरात राहून चालविता आली असती; व्याख्याने, वादसभा, इंग्रजी जाणणाऱ्या श्रोत्यांची वाहवा, हे सर्व त्यांच्या आवाक्यात होते. त्यांनी ते सोडले आणि १८६२-६३ च्या सुमारास ते निजामाच्या मुलखात, जालन्यास आले.

त्या काळचे जालने कसे होते? सोन्याचा पाळणा म्हणून ज्याची ख्याती, ते कुंडलिकेच्या काठचे व्यापारी गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब येथून दूर नाही. नाथांचे पैठणही गाडीवाटेने दोनतीन मुक्कामांवर. १८०३ साली असईच्या रणात मराठ्यांच्या कवायती फौजा मोडल्या, ते असईही आज आपल्याच जिल्ह्यात येते. त्यानंतर इंग्रजांचे बस्तान बसले, आणि १८२७ मध्ये शहराच्या पूर्वेस पक्की छावणी वसविण्यात आली. ती १९०३ पर्यंत टिकली. छावणीत गोऱ्या अंमलदारांची मंदिरे होती. त्यांच्यात आयरिश, मद्रासी व गोवेकर कॅथोलिकही असत आणि त्यांच्या विधींसाठी आमचे धर्मगुरू येऊन जात. म्हणजे ख्रिस्ती धर्म जालन्यास शेषाद्रींच्या आधी आला होता, पण तो छावणीच्या हद्दीत राहिला होता. बाहेरच्या खेड्यांस तो साहेबाचा धर्म एवढाच ठाऊक. हे आम्ही आमच्या पूर्वसूरींचा अनादर करण्यासाठी लिहीत नाही. त्यांची नेमणूकच शिपायांसाठी होती.

शेषाद्री छावणीबाहेर पडले. रेल्वे जालन्यास येण्यास अजून सुमारे चाळीस वर्षे अवकाश होता. प्रवास बैलगाडीचा, घोड्यावरचा नाही तर पायी. ते प्रथम साऱ्यांशीच बोलले असतील, परंतु त्यांचे ऐकून जे त्यांच्या मागे आले ते प्रायः मांग व महार होते, त्यांतही मांग अधिक. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठवाड्यात मांगाचे जिणे काय होते, हे आमच्या धर्मग्रामातील वृद्धांनी आपल्या आजोबांकडून ऐकले आहे. गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या बाजूस त्यांची वस्ती. दोरखंड वळावे, केरसुण्या बांधाव्या, लग्नात व मयतीत हलगी वाजवावी, आणि सुगीला खळ्यावर उभे राहून बलुते मागावे. गावात चोरी झाली की पाटलाचा माणूस पहिल्याने मांगवाड्यात शिरे. गावच्या विहिरीवर त्यांस मज्जाव होताच. महारांच्या विहिरीवरही मांगास चढू देत नसत. जमीन कसण्यास मिळाली तर मालकाच्या मर्जीवर, आणि मर्जी फिरली तर उभ्या पिकातून बाहेर.

असा मनुष्य ख्रिस्ती झाला म्हणजे काय होई? त्याने हलगीसाठी नकार दिला, देवीच्या यात्रेतील कामास नकार दिला, की बलुते बंद. बलुते बंद म्हणजे उपास. ब्रिटिश मुलखात धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० साली झाला होता, पण निजामाच्या हद्दीत तो लागू नव्हता. आणि ज्यास वारशाने मिळावयाचे काहीच नव्हते त्यास त्याचा उपयोग तरी काय? नारायणरावांनी स्वतः घर गमावले होते. मात्र त्यांच्या मागे विद्या होती, इंग्रजी होते, मिशनचे वेतन होते. ह्या लोकांच्या मागे काही नव्हते. शेषाद्रींच्या ध्यानात जे आले ते आमच्या मते त्या पिढीच्या फार थोड्या पाळकांच्या ध्यानात आले: ह्या मनुष्यास प्रवचनाइतकीच पायाखाली जमीन हवी.

निजामाचे दिवाण त्या वेळी सर सालारजंग होते. १८५३ पासून १८८३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी हैदराबादचा कारभार पाहिला व राज्याची बसलेली घडी बरीच सावरली. शेषाद्रींनी त्यांच्याकडे जमिनीची मागणी केली. जालन्यापासून सुमारे तीन मैलांवर आठशे एकरांच्या आसपास जमीन त्यांस मिळाली. ह्या व्यवहाराचे आम्हास फार नवल वाटते. देणारा मुसलमान दिवाण, मागणारा ब्राह्मणकुलात जन्मलेला ख्रिस्ती पाळक, घरे व विहिरी बांधण्यास पैसा स्कॉटलंडातील प्रेस्बिटेरियन लोकांचा, आणि राहावयास जाणारे जालन्याच्या खेड्यांतले मांग! आज धर्माच्या नावाने जी भाषा कानी पडते ती ऐकली म्हणजे सालारजंगांच्या मनाचा मोठेपणा विशेष आठवतो.

गावास नाव दिले बेथेल. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाची गोष्ट आपण जाणताच. सख्ख्या भावाच्या रागापासून पळालेला, पित्याच्या घराला मुकलेला तो तरुण रानात धोंड्यावर डोके ठेवून निजला, आणि स्वर्गास लागलेली शिडी त्याने स्वप्नात पाहिली. जागा झाल्यावर त्या जागेस त्याने देवाचे घर असे नाव ठेविले. पिता व भाऊ ह्या दोघांसही मुकलेल्या शेषाद्रींनी हेच नाव निवडले, ते उगाच नसावे.

बेथेलची आखणी त्यांनी आधी कागदावर केली. रस्ते रुंद व सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणारे. प्रत्येक कुटुंबास घरासाठी वेगळी जागा, कसण्यास शेत. विहिरी, शाळा, प्रार्थनामंदिर, वाटसरूंसाठी धर्मशाळा ही सर्व त्यांच्या योजनेत होती. ज्यांनी मराठवाड्यातील जुने खेडे पाहिले आहे त्यांस ह्या सरळ रस्त्यांचा अर्थ सांगावयास नको. आपल्या खेड्यातील गल्ली वळत वळत जाते आणि प्रत्येक वळणावर एक जात संपून दुसरी सुरू होते. शेवटच्या वळणानंतर, मोकळ्या जागेपलीकडे, महारवाडा व मांगवाडा. बेथेलच्या सरळ रस्त्यास असे शेवटचे वळण नव्हते. विहीर गावात होती आणि ती गावची होती. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेतले, तिने आपल्या हाताने पोहरा सोडून पाणी काढले असेल, तो दिवस आम्ही मनाशी चितारून पाहतो. ख्रिस्ती धर्माचा संस्कृतीवर परिणाम म्हणून विद्वान ग्रंथांत छापखाने, कोश, व्याकरणे व वृत्तपत्रे ह्यांची गणना होते, ती योग्यच आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, अहमदनगरचा ज्ञानोदय १८४२ चा, ही मराठीची मोठी धने आहेत. जालन्यापुरते पाहिले तर हा पोहरा त्यांच्या पंक्तीस बसावा.

महार व मांग एकाच विहिरीवर कसे आले असतील, हाही प्रश्नच आहे. अहमदनगरच्या बाजूस अमेरिकन मिशनऱ्यांस ह्या दोन जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांस एका पंक्तीस बसविणे फार जड गेले, हे प्रसिद्ध आहे. बाप्तिस्म्याचे पाणी डोक्यावर पडले म्हणून विहिरीच्या पाण्याचा विटाळ लागलाच विसरत नाही. आमच्या धर्मग्रामात लग्नाची बोलणी करावयास बसणाऱ्या मंडळींनी ह्या वाक्यावर थोडे अडखळावे, अशी आमची इच्छा आहे.

बेथेलची स्तुती करून आम्ही थांबलो तर ते लबाडीचे होईल. अशा वेगळ्या ख्रिस्ती गावांत एक दोष होता आणि आमच्याही मिशनऱ्यांनी पुढे अनेक ठिकाणी तीच चूक केली. नवा ख्रिस्ती माणूस जुलमापासून सुटला, तो आपल्या सोयऱ्यांपासूनही सुटला. जे मांग मांगवाड्यातच राहिले त्यांस बेथेलच्या सरळ रस्त्याचा काय लाभ? शिवाय गावाचा खर्च समुद्रापलीकडून येणार, म्हणून गावाचे डोळेही समुद्राकडे लागणार. साहेबाने पाठविले तर छप्पर शाकारावयाचे, एरवी गळते तसे गळू द्यावयाचे, ही खोड ख्रिस्ती वस्त्यांस लागली ती पुष्कळ ठिकाणी अजून सुटलेली नाही. आमच्या मंदिराच्या छपरासाठी वर्गणी गोळा करताना आम्हास तिचा चांगलाच प्रत्यय आला. त्यात १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती झालेल्यांस वगळले. शीख व बौद्धांचा समावेश पुढे १९५६ व १९९० साली झाला, ख्रिस्ती बांधवांचा झाला नाही. त्यामुळे शेषाद्रींच्या लोकांच्या पणतूंस आज धर्म सांगावा की जात सांगावी असा पेच प्रत्येक अर्जावर पडतो. तरीही शेषाद्रींनी १८७० च्या आगेमागे दुसरे काय करावयास हवे होते, असे कोणी आम्हास विचारले तर आम्ही निरुत्तर होतो. उपाशी माणसास सोयऱ्यांत राहून उपास कर असे सांगण्याचा अधिकार पोट भरलेल्यास नसतो.

पैशासाठी शेषाद्री स्वतः समुद्र ओलांडून गेले. १८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्स ह्या प्रॉटेस्टंट संघाची मोठी जागतिक परिषद भरली, तीत त्यांनी भाषण केले. डोक्यास पांढरे पागोटे, अंगात देशी पोशाख, आणि तोंडी अस्खलित इंग्रजी, असा हा पुरुष व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा तेथील वृत्तपत्रांस मोठा विषय मिळाला. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, हा समज त्या काळी आपल्याकडे दृढ होता. बाटला की पाटलोण आली, अशी टवाळी चाले. शेषाद्रींनी पागोटे उतरविले नाही, जालन्यात नाही आणि न्यूयॉर्कातही नाही. आमच्या ख्रिस्तसभेत हा विचार इटालियन जेझुइट रॉबेर्तो दे नोबिली ह्यांनी सतराव्या शतकात मदुरेस चालविला होता, त्यापायी त्यांच्यावर रोमपर्यंत तक्रारी गेल्या. दे नोबिलींनी ब्राह्मणांत शिरण्यासाठी भगवी वस्त्रे घेतली. शेषाद्री ब्राह्मण्यातून बाहेर पडून मांगांत गेले आणि पागोटे मात्र तेच राहिले. ह्या दोहोंतील अधिक अवघड कोणते, ह्यावर आमचे मत वाचकांनी ओळखलेच असेल.

त्यांच्या हयातीत कॅथोलिक व प्रॉटेस्टंट ह्यांच्यात बोलणे-चालणे नव्हते. त्यांची मंडळी आम्हास मूर्तिपूजक म्हणे, आमची मंडळी त्यांस पाखंडी म्हणे. आमच्या लहानपणी, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ऐक्यविषयक हुकूमनामा १९६४ साली निघून पुरती दहा-बारा वर्षे झाली होती तेव्हाही, गावातील दुसऱ्या मंडळीच्या नाताळच्या कार्यक्रमास आम्ही चोरून गेलो म्हणून घरी आम्हास मार बसला होता. तेथे आम्ही काय पाहिले? एक पेटी, एक मृदंग, आणि आपण गातो तीच गाणी. दर जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनासप्ताहात आम्ही शेजारच्या पाळकांसह वेदीपुढे उभे राहतो, तेव्हा त्या माराची आठवण होऊन हसू येते. शेषाद्रींची मंडळी पुढे १९२४ साली उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत सामील झाली व १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ह्या नावाने व्यापक झाली. स्कॉटिश मिशनने जालन्यात दवाखाना चालविला, शाळा चालविल्या. त्यांत उपचार घेताना किंवा अक्षर गिरवताना कोणी कोणास पंथ विचारला नाही. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांत सुना त्या मंडळीतून आलेल्या आहेत आणि मुली तिकडे गेलेल्या आहेत.

१८९१ साली, परदेशच्या प्रवासात असता, जहाजावर नारायण शेषाद्रींचा अंत झाला. वय सत्तरीच्या घरात होते. ज्या कुळात समुद्र ओलांडणे हेच जातीबाहेर जाण्याचे पुरेसे कारण होते, त्या कुळातील हा पुरुष समुद्रावरच निवर्तला. बेथेलच्या रहिवाशांस ती वार्ता कित्येक दिवसांनी कळली असेल.

त्याच दशकात फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या संघाचे कॅथोलिक धर्मगुरू गोदावरीच्या खोऱ्यात, घोगरगावी, येऊन राहिले आणि तेथून आपल्या ख्रिस्तसभेचे काम मराठवाड्याच्या खेड्यांत पसरले. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९८१ साली जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि ज्याचा हा महोत्सव तो आमचा धर्मग्राम ह्याच वाढीतला आहे. आमचे पूर्वसूरी खांद्यावर झोळी टाकून एखाद्या मांगवाड्याच्या तोंडाशी उभे राहत तेव्हा पाद्री म्हणजे कोण, शाळा म्हणजे काय आणि बाप्तिस्मा घेतलेल्याचे पुढे काय होते, हे तेथे त्यांस पहिल्यापासून समजावून सांगावे लागले नसावे असा आमचा तर्क आहे. ते काम तीस वर्षे आधी पांढऱ्या पागोट्यातल्या एका गृहस्थाने करून ठेविले होते. समितीतील ज्या वडीलधाऱ्यांनी तो सवाल केला, त्यांच्यापैकी एकांनी हा मजकूर छापखान्यात जाण्यापूर्वी वाचला. आपली आजी बेथेलकडची होती, हे त्यांनी आम्हास तेव्हा सांगितले.